नुसतं पाहिलं

सूनबाईने जुना कॉम्प्युटर बंद करायला सांगितलं, त्या दिवसापासून काकांनी तिच्याशी बोलणं बंद केलं.

सूनबाई म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची सून. कारखाना भावाचा; त्याला सगळे दादा म्हणत. कारखाना म्हणजे तरी काय, दोन मजले, अकरा माणसं आणि मालाची एक कुरकुरणारी लिफ्ट. दवाखान्यांतली हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायची छोटी यंत्रं असतात, त्यांचे कंट्रोल बोर्ड इथे तयार व्हायचे. बोर्डाचा नकाशा, म्हणजे कुठला भाग कुठे बसणार आणि तांब्याची कुठली रेघ कुठून कुठे जाणार, हे गेली सव्वीस वर्षं काका एकटे काढत आले होते. एकाच प्रोग्रामवर, त्याच्या चौथ्या व्हर्जनवर. तो प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीने त्यानंतर आणखी तेरा व्हर्जनं बाजारात आणली. काकांच्या लेखी ती सगळी थेरं.

"चौथं चालतंय ना?" ते म्हणत. "मग चालत्या गाड्याला खीळ कशाला?"

चालत होतं खरं, पण कसं ते काकांनाच ठाऊक. तो प्रोग्राम फक्त त्या एका जुनाट कॉम्प्युटरवर उघडायचा, आणि तोही मागच्या बाजूला अंगठ्याएवढी एक किल्ली खोचली तरच. संध्याकाळी निघताना काका ती किल्ली उपसून शर्टाच्या खिशात टाकत आणि घरी नेत. कुणी काही म्हटलं तर म्हणत, "हरवली तर दुसरी मिळत नाही." ते खरंही होतं. पण त्यामुळे काका नसले की एकही फाइल उघडत नसे, हेही खरं होतं, आणि ते काकांना मनातून आवडायचं.

सूनबाई लग्नाआधी एका मोठ्या कंपनीत हेच काम करत होती. घरात आल्यावर वर्षभर ती खालच्या मजल्यावर हिशोबाला बसली. मग काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. नऊ दिवस ते अंथरुणात होते आणि नऊ दिवस एका बोर्डातली एक रेघ दोन मिलिमीटर सरकवायला कुणाला जमलं नव्हतं. गिऱ्हाईक रोज फोन करत होतं. दहाव्या दिवशी काका कमरेला पट्टा बांधून आले, तर त्यांच्या टेबलाशेजारी नवं टेबल, नवा कॉम्प्युटर आणि नवी खुर्ची. खुर्चीत सूनबाई.

दुपारी सगळे डबे उघडून बसलेले असताना ती म्हणाली, "काका, उद्यापासून जुन्या फाइली नव्या व्हर्जनमध्ये आणायच्या आहेत. महिन्याभरात जुना कॉम्प्युटर बंद."

"माझ्या फाइली नव्यात जात नाहीत," काका म्हणाले.

"जातात. मी तीन करून पाहिल्या."

"किल्ली कोणी दिली?"

"काकूंनी. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा."

काकांनी पोळीचा तुकडा डब्यात परत ठेवला. त्यांच्या कानशिलावरची शीर तटतटली. "सव्वीस वर्षांचं काम आहे ते. तुला त्यातलं काय कळतं?"

सूनबाई आवाज चढवणाऱ्यांतली नव्हती. तिचा आवाज उलट खाली जायचा, आणि त्यामुळे प्रत्येकाला शब्द न शब्द ऐकू यायचा. "तेच म्हणते मी, काका. तुमच्या फाइली तुमच्याशिवाय कुणालाच कळत नाहीत. याला कसब म्हणत नाहीत. अडवणूक म्हणतात."

दहा माणसांचे घास तोंडात थांबले. दादा पाण्याच्या ग्लासात बघत राहिले. काका उठले आणि हात न धुताच वर गेले.

घरी गेल्यावर त्यांनी काकूंवर राग काढून पाहिला. काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "किल्लीच दिली," त्या म्हणाल्या. "तुमचं काळीज काढून नाही दिलं. गिऱ्हाईक बोंबलत होतं तिकडे."

"कानामागून आली आणि तिखट झाली."

"तिखट असेल. पण सकाळी आठला कामावर हजर असते. तुम्ही रुसून बसलात की आठवडा जातो."

काका रुसले नाहीत. रुसलेला माणूस निदान कुणी समजूत घालावी म्हणून वाट बघतो. काकांनी सूनबाईला पाण्यात पाहायला सुरुवात केली. तिने लावलेला दिवा ते बंद करत. तिने काही विचारलं तर जवळ उभ्या असलेल्या तिसऱ्याच माणसाला उत्तर देत. "सांगा त्यांना, ती फाइल तिसऱ्या कपाटात आहे." तीही काही कमी नव्हती. त्यांच्या टेबलावर ती चिठ्ठ्या ठेवू लागली, आणि प्रत्येक चिठ्ठीवर तारीख आणि वेळ.

फाइली एकेक करून नव्या व्हर्जनमध्ये जाऊ लागल्या. दर फाइलीमागे नवा प्रोग्राम इशाऱ्यांची लांबलचक यादी दाखवायचा. हा टाइप सापडत नाही. या थराचं नाव बदललं. हा भाग प्रोग्रामच्या साठ्यात, म्हणजे लायब्ररीत, नाही. सर्वांत जास्त खपणाऱ्या बोर्डाच्या वेळी तीनशे बारा इशारे आले. काका स्वतःच्या खुर्चीतून तिरप्या नजरेने पडद्याकडे बघत होते आणि त्यांना आतून गुदगुल्या होत होत्या. सूनबाई दोन दिवस त्या यादीशी झगडली. तिसऱ्या दिवशी प्रोग्रामने तपासणी करून निकाल दिला: चुका शून्य.

तिने नकाशाची मोठी प्रिंट काढली आणि काकांच्या टेबलावर ठेवली. वर चिठ्ठी होती: "कृपया तपासून सही करावी. आजच्या आज हवं आहे."

काकांनी चष्मा पुसला आणि प्रिंट उजेडात धरली. अर्ध्या मिनिटात त्यांना चूक दिसली.

चूक समजायला बोर्ड समजून घ्यावा लागतो. त्या बोर्डाच्या दोन बाजू होत्या. एका बाजूला थेट भिंतीतल्या प्लगमधून येणारा मेन सप्लाय. दुसऱ्या बाजूला बारीक व्होल्टेज, जिथे बटणं असतात, जिथे माणसाचा हात लागतो. मधे आठ मिलिमीटरचा मोकळा पट्टा, जिथे तांब्याचा कणही नको. नकाशा दोन पानांवर काढलेला, एकेका बाजूचं एकेक पान, आणि काकांनी दोन्ही पानांवरच्या ग्राउंडच्या, म्हणजे विजेच्या परतीच्या, लाइनीला एकच नाव दिलेलं. चौथ्या व्हर्जनला त्याचं काही नव्हतं. दोन बिऱ्हाडांत एकेक बाळू असावा तसं ते होतं. याचा बाळू याच्या घरी, त्याचा त्याच्या. नवं व्हर्जन मात्र बाळू म्हणजे एकच बाळू असं मानायचं, मग तो कुठल्याही पानावर असो. त्याने दोन्ही लाइनी एक धरल्या, आणि त्या जोडायला मधल्या मोकळ्या पट्ट्यातून तांबं आरपार पसरवून दिलं. दोन वेगळ्या गोष्टी चिकटल्या तर प्रोग्राम ओरडतो. इथे त्याच्या लेखी वेगळं काही नव्हतंच, म्हणून चुका शून्य.

हा बोर्ड असाच बनला तर हात लागायच्या बाजूला मेनचं व्होल्टेज येणार.

काकांनी प्रिंट खाली ठेवली. सूनबाई शेजारी बसलेली होती, हातभर अंतरावर. तिने मान वळवून विचारलं, "झालं?"

त्या एका शब्दात घाई होती, आणि काकांना त्यात तुच्छता ऐकू आली. ती होती की नव्हती, हे त्यांना पुढे किती विचार केला तरी ठरवता आलं नाही. त्या वेळी मात्र त्यांच्या मनात आलं, अडवणूक ना? मग जाऊ दे. बोर्ड बनवून देणारे छपाईवाले बघतील आणि फोन करतील. फोन आला की सगळ्यांसमोर हिचं नाक कापलं जाईल. त्यांनी पेन काढलं. प्रिंटच्या कोपऱ्यात "तपासले" असा रकाना होता. तो खोडून त्यांनी शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, "पाहिले", आणि सही केली. तपासलं म्हटलेलं नाही, नुसतं पाहिलं म्हटलंय, एवढी सोय त्यांनी स्वतःसाठी ठेवली.

सूनबाईने सही पाहिली, शब्द पाहिला नाही, आणि फाइल पाठवून दिली.

फोन आला नाही. छपाईवाले नवे होते. पाठवलेलं छापायचं एवढंच त्यांना माहीत. पहिले तीन दिवस काका प्रत्येक रिंगला कान टवकारत होते. चौथ्या दिवशी त्यांना वाटलं की आता सांगून टाकावं. पण आता सांगायचं म्हणजे सही करताना माहीत होतं हेही सांगायचं. ते गप्प बसले. प्रत्येक दिवसागणिक सांगणं अवघड होत गेलं. नमुन्याचे सहा बोर्ड येतील, ते आल्यावर आपण आधी हातात घेऊ आणि तेव्हाच काढू चूक, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

बोर्ड आले तेव्हा काका दाताच्या डॉक्टरकडे होते.

खालच्या मजल्यावर तपासणीचं टेबल होतं, आणि त्या टेबलावर चौदा वर्षं काम करणाऱ्या बाई होत्या. त्यांना सगळे नुसतं बाई म्हणत. कोरडं बोलणाऱ्या, काटेकोर, वेळेच्या पक्क्या. त्यांनी पहिल्या बोर्डावर भाग बसवून घेतले आणि सप्लाय जोडला. मग नेहमीप्रमाणे बोर्ड बटणांच्या बाजूने डाव्या हातात धरला. ती बाजू निर्धोक, हे त्यांना चौदा वर्षांच्या सवयीने ठाऊक होतं. उजवा हात टेबलाच्या लोखंडी कडेवर होता.

काका जबडा बधिर करून परत आले तेव्हा खालचा मजला अंधारात होता. फ्यूज उडालेला. स्टूल आडवं पडलेलं. बाईंना दवाखान्यात नेलं होतं. झटक्याने त्या मागे फेकल्या गेल्या आणि उजवं मनगट मोडलं, त्याच हाताची दोन बोटं लोखंडी कडेवर भाजली. जीव वाचला तो फ्यूज वेळेवर उडाला म्हणून. सूनबाई जमिनीवर बसून तो बोर्ड मीटरने मोजत होती. ती तेच तेच माप पुन्हा घेत होती.

संध्याकाळी दादांनी तिला केबिनमध्ये उभं केलं. दार उघडंच होतं.

"सव्वीस वर्षांत एकाला साधा चटका बसला नाही," दादा म्हणाले. "तू आलीस आणि महिन्यात माणूस दवाखान्यात."

"माझी चूक आहे, बाबा," सूनबाई म्हणाली. "फाइल मी पाठवली."

"चूक आहे तर निस्तर. नाही, निस्तरूही नकोस. उद्यापासून जुना कॉम्प्युटर सुरू. तू खाली हिशोबाला बस." मग दादांनी बाहेर उभ्या असलेल्या काकांकडे पाहिलं. "तू सांगत होतास. मी ऐकलं नाही."

काकांना हेच हवं होतं. गेला महिनाभर हेच हवं होतं. त्यांनी मान हलवली. भूल उतरत आली होती आणि अर्धा जबडा ठणकायला लागला होता.

जुन्या कॉम्प्युटरवर त्यांनी चार दिवस काम केलं. शेजारची खुर्ची रिकामी होती. पाचव्या दिवशी ते बाईंच्या घरी गेले.

बाई बहिणीबरोबर राहत. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खिडकीत वाळत घातलेले टॉवेल. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, बोटांना पट्ट्या. काका पलंगासमोरच्या खुर्चीत बसले आणि बरं आहे ना, औषधं चालू आहेत ना, अशी दोन-चार वाक्यं बोलले. बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "काका, एक विचारते. तो नकाशा छापायला जाण्याआधी तुमच्या टेबलावर आला होता?"

"आला होता."

"तुम्हाला दिसलं होतं?"

काकांनी उत्तर तयार करून आणलं होतं. "म्हणजे बघता बघता जराशी शंका..."

"शंका राहू दे. दिसलं होतं की नव्हतं?"

"दिसलं होतं."

तेवढ्यात बहीण चहाचा ट्रे घेऊन आली. "आत ने तो," बाई तिला म्हणाल्या. बहीण घोटाळली. "आत ने म्हटलं ना."

ट्रे आत गेला. बाईंनी प्लास्टरचा हात उशीवरून थोडा उचलला. "दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. हा माझा लाभ. तुमचं तिच्याशी वाकडं होतं. माझ्याशी काय होतं?"

"तुमच्याशी काहीच नव्हतं, बाई. मला वाटलं छपाईवाले..."

"तुम्हाला वाटलं. चौदा वर्षं मी तुमचा बोर्ड डोळे मिटून हातात धरत आले. ती पोरगी चुकली. चुकणं मला समजतं, मीही चुकते. तुम्ही चुकला नाहीत. तुम्ही बघितलंत आणि सही केलीत."

"काय करू, ते सांगा," काका म्हणाले.

"मला काय विचारता? मी तुमची आई आहे का?" बाईंनी भिंतीकडे मान वळवली. "जिथे जाऊन सांगायचं तिथे सांगा. इथे पुन्हा येऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दादांच्या केबिनमध्ये गेले आणि सूनबाईलाही बोलावून घ्या म्हणाले. दोघांसमोर उभं राहून त्यांनी सांगितलं. दिवस, वेळ, काय दिसलं, काय लिहिलं, सगळं. सूनबाईने कपाटातून ती सही केलेली प्रिंट काढली आणि खोडलेला शब्द वाचला. दोनदा वाचला.

दादांचा चेहरा काळवंडला. "भाऊ नसतास," ते म्हणाले, "तर आत्ता या दारातून बाहेर गेला असतास."

"मग काढ मला."

"काढू नका, बाबा," सूनबाई म्हणाली. तिचा आवाज फार खाली गेला होता. "हे गेले तर बाकीच्या एकशे चाळीस फाइलींत काय काय दडवलंय ते कोण सांगणार?"

"मी माफी मागायला आलोय," काका म्हणाले.

"मला माफी नको. यादी हवी. तुम्ही चौथ्या व्हर्जनमध्ये जिथे जिथे स्वतःची युक्ती लढवली असेल, ती प्रत्येक जागा. लिहून."

यादीला पाच आठवडे लागले. रोज सकाळी नऊ ते सहा, दोन खुर्च्या, दोन पडदे. एकेक फाइल आधी जुन्यात उघडायची, मग नव्यात, आणि दोन्ही प्रिंट एकमेकींवर ठेवून खिडकीच्या काचेवर धरायच्या. काकांना वाटलं होतं पाच-दहा युक्त्या निघतील. साठ निघाल्या. छपाईच्या थरातली विशिष्ट जाडीची पांढरी रेघ म्हणजे तिथे खाच कापायची, हे फक्त जुन्या छपाईवाल्याला तोंडी माहीत होतं. एक भाग लायब्ररीत उलटा काढलेला होता आणि जोडणीवाल्यांना तो उलटाच बसवायची सवय लावलेली होती. एका नावाच्या दोन लाइनी आणखी एकोणीस बोर्डांत सापडल्या.

"हे असं का?" सूनबाई विचारायची.

"तेव्हा प्रोग्राममध्ये सोय नव्हती."

"मग लिहून का नाही ठेवलं?"

पहिल्या आठवड्यात काका याचं काहीबाही उत्तर देत. पुढे त्यांनी ते सोडून दिलं. ती विचारायची मात्र दर वेळी, न चुकता, दात काढणाऱ्या डॉक्टरच्या शांतपणाने.

चौथ्या आठवड्यात तिने एक कागद त्यांच्यापुढे सरकवला. तीनशे बारा इशाऱ्यांची ती यादी. एकशे अठ्ठ्याऐंशीव्या ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली, "वाचा."

ओळीत लिहिलं होतं की दोन पानांवर एकाच नावाच्या लाइनी आढळल्या असून त्या एक केल्या आहेत.

"मी सतरा ओळी वाचल्या," सूनबाई म्हणाली. "सगळ्या फालतू निघाल्या, म्हणून बाकीच्या सरसकट बंद केल्या. बाबांना काल सांगितलं. बाईंच्या घरी जाऊनही सांगितलं."

काकांच्या मनात काहीतरी सैल झालं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते तिच्याकडे वळून, थोडं मऊ आवाजात म्हणाले, "एवढ्या ओळींत कुणाच्याही नजरेतून..."

"त्याने तुमचं काही कमी होत नाही, काका," ती म्हणाली, आणि कागद परत ओढून घेतला. "पुढची फाइल उघडा."

अपघातानंतर आठव्या आठवड्यात बाई कामावर आल्या. मनगट पूर्ण वळत नव्हतं आणि दोन बोटांची टोकं अजून बधिर होती. दुरुस्त केलेल्या नकाशावरून बनलेले नवे बोर्ड टेबलावर मांडून ठेवलेले होते. बाईंनी आल्या आल्या टेबलाची लोखंडी कड रबराने मढवून घेतली. मग वर निरोप पाठवला, दोघांनी खाली यावं.

दोघं आले. बाईंनी पहिला बोर्ड जोडला आणि स्वतः चार पावलं मागे सरकल्या.

"यापुढे प्रत्येक नव्या नकाशाचा पहिला बोर्ड मी सुरू करणार नाही," त्या म्हणाल्या. "ज्यांनी काढला आणि ज्यांनी सही केली, त्यांनी सुरू करायचा. एकाने सप्लायचं बटण दाबायचं, दुसऱ्याने हात लावायचा. कुणी काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

सूनबाईने आधी सप्लाय बंद ठेवून मीटर लावला, मधल्या पट्ट्याच्या अल्याड आणि पल्याड. मग सप्लाय देऊन दुरूनच पुन्हा मोजलं. आकडा बरोबर होता. तिने तो काकांना दाखवला नाही, बाईंना दाखवला. मग सप्लाय बंद करून ती बटणापाशी गेली.

काकांनी शर्टाची बाही वर सारली आणि डावा हात बोर्डाच्या बटणांच्या बाजूवर ठेवला. तिने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत दया नव्हती आणि सूडही नव्हता. माप बरोबर आलं आहे एवढीच खात्री होती. ती खात्री काकांना पुरेशी वाटावी लागली, कारण दुसरं काही मिळणार नव्हतं.

बटण दाबलं गेलं. हिरवा दिवा लागला. काकांनी हात तसाच ठेवला, बाई काढा म्हणेपर्यंत.

बाईंनी वहीत डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत, नोंद केली आणि दोघांच्या सह्या घेतल्या.

"आता जा वर," त्या म्हणाल्या. "मला काम आहे."

जिन्यावरून चढताना काका पुढे होते आणि सूनबाई मागे. वर पोचल्यावर त्यांनी खोलीचा दिवा लावला, तिच्या टेबलावरचाही. खुर्ची ओढून तिने पुढच्या फाइलीचे इशारे उघडले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसली.